ऊन दाखवलेली बाटली

या, अशा जवळ सरका. एवढ्या लांब बसलात तर मला ओरडून सांगावं लागेल, आणि विषय वाईनचा आहे, शेजारी ऐकतील. आधी थोडं रागावून घेते, मग सांगते. तुम्ही मंडळी गोव्याला जाता, मनालीला जाता, तिथं कुडकुडत काढलेले फोटो मला पाठवता. आणि आपल्याच जिल्ह्याच्या टोकाला गगनबावडा आहे, तिथं ढग पुढच्या दारानं आत येतो आणि न विचारता मागच्या दारानं निघून जातो, ते एकदा बघून या म्हटलं की तुमचे गुडघे दुखायला लागतात. माझे गुडघे तुमच्यापेक्षा जुने आहेत. मी जाऊन आले. आता ऐका.

बोलावणं

गगनबावड्याला माझा धाकटा भाऊ बाळू आणि त्याची बायको शेवंता यांची खानावळ आहे. कोकणात उतरणारी आणि कोकणातून वर येणारी माणसं तिथं जेवतात. दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी शेवंताचा कुरुंदवाडला फोन आला.

"वन्सं, तुमी येऊनच जावा. बाटलीचा निकाल लावायचा हाय."

कुठली बाटली, हे विचारावं लागलं नाही. आमच्यात ती बाटली घरातल्या माणसासारखी आहे. बाळूची एकुलती लेक वैशाली नाशिककडं एका द्राक्षमळ्यात वाईन बनवते. तिनं स्वतःच्या जबाबदारीवर केलेली पहिली वाईन, लालभडक, दणकट, ती बाटलीत भरल्यावर पहिली बाटली तिनं बापाला आणून दिली होती. "बाबा, ही अजून कोवळी हाय. हिला वय येऊ दे. मी सांगीन तवा उघडायची," असं बजावून गेली. त्याला सात-आठ वर्षं झाली. दर दिवाळीला बाळू विचारायचा, "फोडायची काय गं?" आणि वैशू म्हणायची, "थांबा अजून."

यंदा छाटणी उरकून वैशू रजेवर आली होती. शेवंताचं म्हणणं, आता उघडा. वैशूचं म्हणणं, अजून दोन वर्षं. आणि दर वर्षी घाई करणारा बाळू यंदा म्हणत होता, "राहू दे. मुरू दे. गडबड कशापायी?" हे शेवंताला झेपेना. लग्न झाल्यापासून ज्या माणसानं चहा निवायची वाट बघितली नाही, तो आता वाईन मुरायची वाट बघतोय.

आता तुम्ही विचाराल, यात मी कोण? तर आमच्या घराण्यात कैरीच्या लोणच्याची बरणी मी सांगितल्याशिवाय कुणी उघडत नाही. मी बरणी जराशी कलती करते, खार कसा धावतोय बघते, तोंडाला बांधलेल्या दादऱ्याच्या फडक्यावरून वास घेते आणि सांगते, "अजून आठ दिवस" किंवा "काढा". शेवंताचा हिशेब साधा होता. मुरणारी वस्तू आहे, म्हणजे वन्संचं खातं.

कोल्हापूर स्टँड

रिकाम्या हातानं भावाकडं कसं जायचं? कृष्णाकाठची वांगी घेतली, खवा घेतला आणि लिंबाच्या लोणच्याची एक बरणी घेतली. कोल्हापूरला गाडी बदलली. गगनबावड्याच्या गाडीत खिडकीशी एक पांढऱ्या विजारीतले गृहस्थ बसले होते. माझ्या हातात दोन पिशव्या बघून म्हणाले, "द्या आजी, एक धरतो." भला माणूस. नेमकी लोणच्याची पिशवी त्यांच्या मांडीवर गेली.

कळे गावाच्या पुढं ते चुळबुळ करायला लागले. मग हळूच म्हणाले, "आजी, पिशवीत काय हाय?"

"लोणचं. का वो पावणं?"

"मांडीला ओलं लागायलंय."

बघते तर खार झिरपून विजारीवर नकाशा उमटलेला. मला धरणी ठाय देईना. पदरानं पुसायला गेले तर तो नकाशा आणखी पसरला. गृहस्थांनी एकदा विजारीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि बोटानं तो खार उचलून तोंडात घातला.

"मुरलंय की झकास," म्हणाले.

मी लगेच पिशवीतली वर्तमानपत्राची घडी काढून दोन फोडी बांधून दिल्या. विजार काही मला भरून देता आली नाही. साळवणला ते उतरले, तेव्हा अख्ख्या गाडीनं त्यांच्या पाठीकडं बघितलं, आणि मी खिडकीबाहेर ऊस बघत बसले.

गगनबावडा, पहिला दिवस

ऊस संपतो आणि झाडी सुरू होते, तिथं हवा बदलते. आमच्या कुरुंदवाडला आभाळ लांब असतं, नदीपलीकडं. इथं ते खानावळीच्या पत्र्यावर बसलेलं. गाडीतून उतरले तर समोर शेवंता उभी, आणि तिच्या खांद्यावरून ढग चाललेला. भाकरीसुद्धा वेगळी. आमच्याकडं जोंधळ्याची, इथं तांदळाची नाहीतर नाचणीची. नाचणीची भाकरी काळी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ती एकदा गरम, तुपाशी खावी आणि मग आपलं नाक जागेवर ठेवावं.

हातपाय धुते न धुते तोच शेवंतानं मला माळ्याखालच्या अंधाऱ्या फडताळाकडं नेलं. लोणच्याच्या बरण्या ओळीनं उभ्या. कैरी, लिंबू, मिरची, करवंद. आणि त्यांच्यात ताठ उभी ती बाटली, तोंडाला पांढरं फडकं बांधलेली.

मागून वैशाली आली. फडकं बघून तिचा चेहरा उतरला. "आई, ही उभी का? मी आडवी ठेवायला सांगितलं हुतं."

"आडवी ठेवली तर सांडंल की."

"बूच हाय तिला. आणि हे फडकं कशाला?"

"बरणीला बांधतो तसं. उन्हात ठेवताना माशी बसू ने म्हणून."

वैशालीनं अगदी हळू विचारलं, "उन्हात म्हंजे?"

शेवंतानं निष्पापपणे सांगून टाकलं. दर चैत्रात ती सगळ्या बरण्यांना ऊन दाखवते. त्या अंगणात जायच्या आणि ही एकटीच आत राहायची, ते काही तिला बरं वाटेना. म्हणून तीही बरण्यांच्या रांगेत बसायची. संध्याकाळी आत आणताना सगळ्या बरण्यांबरोबर तिलाही दोनदा गदगदा हलवायचं, म्हणजे तळाचं वर येतं.

मला विचाराल तर यात शेवंताचं चुकलं काय? आपल्याकडं मुरायचं म्हणजे असंच. पण वैशाली तिथंच, पाटावर बसली. "आत्त्या, वाईनला ऊन म्हंजे..."

"म्हंजे काय, मेली का ती?"

"मेली नसंल. पण म्हातारी झाली असंल. उघडल्याबिगार कळायचं न्हाय."

"मग उघडायची का ठेवायची?"

"आता मलाबी कळंना झालंय," वैशाली म्हणाली. "एवढी उन्हं खाल्ल्यावर दोन वर्षं ठेवून तिचं आणखी काय व्हायचं कुणास ठाऊक."

दारातून बाळूचा आवाज आला. "राहू दे म्हटलं न्हवं? उगं कुणी हात लावू नगा."

रस्सा

बाळूबद्दल एक सांगायचं राहिलं. आमच्या मूळगावच्या जत्रेत सगळ्या गावाचा रस्सा एका ठिकाणी शिजतो, आणि तो बाळूनं मीठ बघितल्याशिवाय चुलीवरून उतरत नाही. पळी पुढं करतात, तो तळहातावर दोन थेंब घेतो, चाटतो, डोळे मिटतो आणि "घाला मूठभर" किंवा "उतरा" म्हणतो. त्याच्या शब्दापुढं सरपंच बोलत नाही. हे काम त्याच्याकडं तिशीत आलं. आता साठी उलटून गेली तरी दुसरा माणूस बघायची वेळ आली नाही.

त्या दुपारी मी आणि शेवंतानं मिळून मटण केलं. तांबडा आणि पांढरा, दोन्ही. दोन बायका एका चुलीवर म्हणजे काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. पांढऱ्या रश्शात मीठ मी घातलं असेल असं तिला वाटलं, तिनं घातलं असेल असं मला.

पानं वाढली. वैशूनं एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. शेवंतानं घेतला आणि माझ्याकडं बघितलं. मी घेतला. नारळाचं कोमट पाणी. बाळू मात्र भुरका मारून म्हणाला, "झकास झालंय. आक्काच्या हाताची चवच न्यारी."

शेवंता म्हणाली, "चेष्टा करू नगासा. मीठ न्हाय त्यात."

त्याचा हात वाटीवरच थांबला. मग मोठ्यानं हसला. "ठाऊक हाय की. तुमचं तोंड बघायचं हुतं."

शेवंतानं मीठ आणायला पाठ फिरवली. तिनं ते हसणं खरं धरलं. मी धरलं नाही. त्याला लहानपणी मी कडेवर घेतलंय. तो कधी खोटं हसतो ते मला कळतं. शिवाय मी आले तेव्हाच जेवून उठलेला एक ट्रक ड्रायव्हर डोळे पुसत म्हणाला होता, "काका, हल्ली तांबडा लई जाळायला लागलाय." ते माझ्या डोक्यात होतं.

कड्यावर

जेवणं झाल्यावर त्याला म्हटलं, "चल, घाट दाखव." चार पावलं टाकली की गाव संपतं आणि खाली एकदम कोकण सुरू होतं. ढग खालून वर येत होता. एकदा दरी दिसायची, एकदा काहीच नाही, पांढरं नुसतं. आपल्याकडं नदीला पूर येतो तसा इथं दरीला ढगाचा पूर येतो.

"बाळू," मी म्हटलं, "कवापासनं कळंना झालंय?"

त्यानं नाही-होय केलं नाही. "मागल्या हिवाळ्यात ताप आलता. तो गेला, आनि चवबी घेऊन गेला. तिखट कळतंय, पोळल्यासारखं. म्हणून जादा घालतो. बाकी काय न्हाय. वास न्हाय, मीठ न्हाय. कोल्हापूरला डॉक्टरला दावलं, गुपचूप. म्हणला, परत येईल, न्हायतर न्हाईबी यायची."

"शेवंताला सांगितलंस?"

"काय सांगू? तू रांधतीस ते मला माती लागतंया?"

मग दरीकडं बघत म्हणाला, "आक्का, पोरगी दारूच्या धंद्यात गेली म्हणून गावानं मला लई टोचलं. मी सगळ्यांस्नी सांगितलं, बाटली उघडंल तवा या, मग बोला. आनि आता उघडली आनि मला पानी लागली तर? तिचं डोळं माझ्या तोंडाकडं असत्याल. तिला वाटंल, बाला आवडली न्हाय. न्हायतर मी खोटं बोलीन आनि तिला कळंल. त्यापेक्षा राहू दे तिकडं, फडताळात. मी गेल्यावर फोडा."

आता मी रडेन असं तुम्हाला वाटलं असेल. मला राग आला. "तू गेल्यावर म्हणं. तू गेल्यावर आमी रडायचं का वाईन प्यायची? एका दिवसात दोन कामं मला जमायची न्हाईत."

तो हसला. यावेळी खरं.

मी म्हटलं, "हे बघ. लोणचं कवा काढायचं ठाऊक हाय? खाणाऱ्याचं दात हायत तंवर. उद्या दुपारी उघडायची. पानी लागलं तर पानी म्हण. पोरीला तुझं तोंड कसनुसं झालेलं चालंल, खोटं न्हाय चालायचं. तिच्या कामातच सगळं खरं बघायचं असतंया."

"आनि जत्रंतलं मीठ?"

"ते नंतर बघू. आधी बाटली."

दुसरा दिवस

निकाल मी जेवणाआधीच जाहीर केला. वैशूनं फार वाद घातला नाही. ऊन खाल्लेल्या बाटलीवर तिचाही जीव टांगणीला लागला होता.

आता उघडणार कशानं? बूच काढायचं ते फिरकीचं हत्यार वैशू नाशिकला विसरून आली होती. शेवंतानं सुरी आणली, मग विळी, मग पाने-पकडीची पिशवी. बूच सात-आठ वर्षं उभं राहून वाळलेलं. अर्धं बाहेर आलं आणि अर्ध्याचा भुगा होऊन आत गेलं. वैशूनं डोक्याला हात लावला.

"गाळून घ्यायची," शेवंता म्हणाली, आणि चहाची गाळणी घेऊन आली.

"आई, न्हाई."

"मग काय बूच खायचं?"

वाईन गाळणीतून स्टीलच्या फुलपात्रात उतरली. वैशू म्हणाली, काच लागते, रंग बघायचा असतो. काचेचे पेले खानावळीत होते, पण त्यांतून काल ताक दिलेलं. त्यांचा वास वैशूला चालेना. मग फुलपात्रच. पण पत्र्याच्या फटीतून ऊन येत होतं, तिथं तिनं ते कलतं धरलं. कडेला विटकरी, मधे काळसर. माझ्या मनात आलं, खार बघायला मी बरणी अशीच धरते.

वैशूनं वास घेतला. पुन्हा घेतला. चेहऱ्यावर काही दिसेना.

"काय वास येतोय?" शेवंतानं विचारलं.

"फळाचा जवळजवळ गेलाय. थोडं कातडं उरलंय. नव्या चपलेसारखं."

"चपलेचा वास यावा म्हणून एवढं शिकलीस?"

मी घोट घेतला. खरं सांगते, मला पहिल्यांदा वाटलं आपल्याला विष दिलं. मग वाटलं, कच्चं जांभूळ खाल्लंय आणि वर सुपारी चघळलीय. जीभ टाळ्याला चिकटली. गालाच्या आतली कातडी कुणीतरी ओढून धरल्यासारखी. गोड तर नावाला नाही. शेवंतानं थेंबभर घेतलं आणि पदरात तोंड लपवलं. "द्राक्षांचं असं वाटोळं," एवढंच म्हणाली.

वैशूनं फुलपात्र खाली ठेवलं. "गेली आत्त्या. वास सगळा गेलाय. नुसता तुरटपणा उरलाय." आणि बापाकडं न बघता त्याच्यापुढं फुलपात्र सरकवलं. "बाबा, नका घेऊ. वाईट हाय."

बाळूनं घेतलं. माझ्याकडं एकदा बघितलं. तळहातावर दोन थेंब घेतले, जत्रेत घेतो तसे. चाटले. मग फुलपात्रच तोंडाला लावलं आणि डोळे मिटले.

बाहेर कोकणची गाडी येऊन थांबली, तिनं हॉर्न दिला.

बाळू डोळे न उघडता म्हणाला, "धरतीया."

"काय?"

"जीभ धरतीया. वैशू, जीभ धरतीया गं. ओढतीया." आणि त्यानं अजून एक मोठा घोट घेतला, तोंडात फिरवला, गाल आत गेले. "हिरडा चघळल्यागत. काय दणकट हाय पोरगी."

वैशू त्याच्याकडं बघत राहिली. हिचं डोकं तेज आहे. "बाबा, तुमाला वास कळला का?"

"न्हाय."

"गोड? आंबट?"

"न्हाय."

"कवापासनं?"

"गेल्या हिवाळ्यापासनं," बाळूनं सांगून टाकलं.

शेवंतानं तोंडावरचा पदर खाली केला. काल दुपारचा रस्सा तिला तेव्हा आठवला असावा.

वैशूचा आवाज बारीक झाला, पण सांगितलं तिनं नीट. "तुरट ही चव न्हवं, बाबा. ते जिभेला हात लागल्यासारखं असतंय. म्हणून कळलं तुमाला. दोन वर्षं ठेवली असती तर तेबी मऊ झालं असतं. आनि आई, तू ऊन दावलं नसतंस तर हिच्यात लई वास उरला असता, पण बाबांस्नी त्यातला एकबी कळला नसता."

"मग दावलं ते बरं केलं की," शेवंता म्हणाली. एवढं बोलून ती चुलीकडं गेली, पाठ करून उभी राहिली आणि जरा जास्तच जोरात जाळ फुंकायला लागली.

बाटली बाळूनं एकट्यानं संपवली नाही, गैरसमज नको. वैशूनं आणि त्यानं मिळून, हळूहळू. तळाचा गाळ शेवंतानं आंब्याच्या रोपाला घातला. म्हणाली, बघू तरी कसला आंबा येतोय.

तिसरा दिवस

सकाळी निघायची तयारी करत होते. बाळू चुलीपाशी उभा, गिऱ्हाईकाचा तांबडा रटरटत होता. त्यानं पळी घेतली, सवयीनं तळहात पुढं केला, आणि थांबला. मग पळी शेवंतापुढं धरली.

"मीठ बघ गं."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं. तिनं दोन थेंब तळहातावर घेतले, चाटले आणि डोळे मिटले, अगदी त्याच्यासारखे. मला हसू आवरेना.

"आनि तिखट निम्मं करा," ती म्हणाली. "माणसं रडायलीत."

जत्रेत यंदा काय होईल ते मला ठाऊक नाही. बाळू म्हणतो, तो पळी धरेल आणि चाटेल शेवंता. गाव बोलेल. बोलू दे, गावाला रस्सा पाहिजे ना?

येताना वैशूनं मला एक बाटली दिली. यंदाच्या तिच्या सगळ्यात दणकट लालमधली. "आत्त्या, आडवी ठेव. ऊन दावू नको. दहा वर्षं हात लावायचा न्हाय." मी हो म्हटलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला दहा वर्षं थांब म्हणणारी पोरगी गुणाचीच म्हणायची.

बाटली माझ्या कॉटखाली, अंधारात आडवी आहे. रोज झाडताना बघते. तेव्हा तुम्ही पुन्हा लवकर या, पुढच्या महिन्यातच या, गुडघ्यांचं मला सांगू नका. फुलपात्रं माझ्याकडं आहेत, गाळणी आहे. फक्त येताना ते बूच काढायचं फिरकीचं हत्यार तेवढं आणा.